मामा, खाच किती खोल होती?

२०१७ च्या मार्चमधली गोष्ट. नाशिकजवळ दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेच्या बांधावर निलगिरीची सात झाडं पाडायची होती. माल उतरून झाला होता आणि खरड छाटणीच्या आत बांध मोकळा हवा म्हणून मालकाची घाई चाललेली. चार झाडं सुतासारखी पडली. पाचवं नाल्याकडं चांगलंच कललेलं होतं. मला वाटलं, हे तर सगळ्यात सोपं, झुकलंय तिकडंच पाडायचंय. पुढून खाच घेतली, मागून कटर लावला, म्हणजे साखळीची मोटर-करवत. साखळी जिच्यावरून पळते ती पट्टी निम्मीसुद्धा आत गेली नसेल तोच बार उडाल्यासारखा आवाज झाला. खोड उभं चिरलं. मागची फाक माझ्या तोंडासमोरून वर गेली, डोक्याच्या वर सात-आठ फुटांवर थरथरत थांबली, आणि मग अख्खं झाड तिच्यावरून घसरून माझ्या डाव्या बाजूला हातभर अंतरावर आदळलं.

मला ओरखडाही आला नाही. पाणी प्यायलो आणि उरलेली दोन झाडं पाडली.

त्यानंतर ही गोष्ट मी किती वेळा सांगितली याचा हिशेब नाही. पेठ रोडला सकाळी सातला चहाच्या टपरीवर आम्ही झाडवाले जमतो. तिथं मी सांगायचो, "झाडच वंगाळ होतं, आतून चिरलेलं." ऐकणारे मान डोलवायचे आणि आपापली गोष्ट काढायचे. कुणाच्या मांडीवर चौदा टाके, कुणाच्या अंगठ्याचं पेर गेलेलं. आमच्यात ज्याच्या अंगावर खूण नाही तो कच्चा समजला जातो. किती वर्षं झाली आणि किती टाके पडले, यावर माणसाची किंमत ठरते. कुणाकडं किती इंची पट्टी आहे यावरही ठरते. आणि प्रत्येकाच्या गोष्टीत चूक झाडाची असते, नाहीतर मशीनची, नाहीतर दोर धरणाऱ्या पोराची.

२०२१ मध्ये माझा भाचा कामाला आला. त्याची नोकरी गेली होती, ताई म्हणाली, "घे तुझ्या हाताखाली." पहिल्याच महिन्यात मी त्याला निलगिरीची गोष्ट सांगितली, नेहमीसारखी, हातवारे करून. त्यानं शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं,

"मामा, खाच किती खोल होती?"

मला सांगता येईना. चार वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. उत्तर नव्हतं म्हणून राग आला. "तू चड्डीत फिरत होतास तेव्हापासून झाडं पाडतोय मी," असं बोलून गेलो. तो गप्प बसला. त्या दिवशी घरी येताना आम्ही गाडीत एक शब्द बोललो नाही.

मी मुळात लाकडातला माणूस नाही. सातपूरच्या आयटीआयत टर्नरचा ट्रेड केला, मग बारा वर्षं अंबडला लेथवर काढली. तिथं जॉब, म्हणजे लेथवर घडवायचा भाग, दोन शतांश मिलिमीटर इकडचा तिकडं झाला तर बाद. इन्स्पेक्टर यायचा, मायक्रोमीटर लावायचा, "बाद" म्हणायचा आणि पुढं जायचा. मी दुसरा जॉब चढवायचो. त्यात अपमान वाटावा असं काही आहे हे कधी मनातही आलं नाही. २००३ मध्ये कारखाना बंद पडला, दोन पोरं शाळेत, आणि ओळखीनं एका वखारीत कामाला लागलो.

वखारीत पेठ तालुक्यातले एक बाबा होते, साठी ओलांडलेले. सगळं आयुष्य दोघांनी ओढायच्या करवतीवर आणि कुऱ्हाडीवर गेलेलं. माझे गुरू तेच. ते झाडाभोवती एक पूर्ण फेरी घातल्याशिवाय हत्यार हातात घेत नसत. म्हणायचे, "झाड कुणीकडं बघतंय ते आधी बघ." शेंडा, जड फांद्या कुठल्या अंगाला, वारा, मुळाशी माती फुगलीय का. मग कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे पात्याच्या मागच्या बोथट बाजूनं, खोडावर खाली-वर ठोकायचे. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोकळ असेल तिथं आवाज बद्द येतो. हे मी त्यांच्याकडून शिकलो, आणि आजही त्यातला एक शब्द बदलावा असं मला वाटत नाही.

पण २००५ मध्ये मी कटर घेतला आणि बाबांनी त्याला कधी हात लावला नाही. आवाजानंच ते लांब उभे राहायचे. त्यामुळे कटरचं जे काही मला येत होतं ते दुकानदारानं पाच मिनिटांत सांगितलेलं, आणि बाकी माझं मी शिकलेलं. झाड पडलं की मी बरोबर होतो. इतका सोपा हिशेब. झाड तर चुकीच्या कापानंही पडतंच, हे ध्यानात यायला मला सोळा वर्षं लागली.

भाच्याशी दुसरी खटकाखटकी साखळीवरून झाली. मखमलाबादला एक वाळकी बाभूळ कापत होतो. तो म्हणाला, "मामा, पीठ पडतंय." धारदार साखळी लाकडाचा कीस काढते, चांगला जाड. बोथट झाली की पिठासारखा भुसा पडतो. मी म्हणालो, बाभूळ आहे, वाळलेली आहे, पडणारच पीठ. आणि जोर लावला. काप नेहमीसारखा एका बाजूला ओढत गेला. हा ओढा मला वर्षानुवर्षं माहीत होता. त्यापायी मी दोन पट्ट्या बदलल्या होत्या.

संध्याकाळी भाच्यानं माझ्याच पेटीतून माझाच व्हर्निअर काढला. अंबडच्या दिवसांतला, तेल लावून कापडात गुंडाळून ठेवलेला. त्यानं साखळीचा एकेक दाता मोजायला घेतला. एका बाजूचे दाते साडेसहा मिलिमीटरच्या आसपास, दुसऱ्या बाजूचे आठच्या पुढं. मी उजव्या हाताचा. एका बाजूच्या दात्यांना कानस आपसूक जोरात बसते, दुसऱ्या बाजूला मनगट अवघडतं. म्हणून मी तिथं दोन हात कमी मारायचो, आणि कोनही बदलायचा. मशीन फिरवून दुसऱ्या अंगानं बसायचं, एवढंच करायला हवं होतं. शिवाय प्रत्येक दात्यापुढं एक छोटा उंचवटा असतो. दाता लाकडात किती शिरेल ते तो ठरवतो. दाता झिजेल तसा तोही उतरवावा लागतो. आमच्या साखळीला ०.६५ मिलिमीटरचा फरक लागतो. मी तो कधी उतरवलाच नव्हता. म्हणजे कानशीनं कितीही धार लावली तरी दाता लाकडाला टेकतच नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला मोजता येत नाही असं नव्हतं. मोजायचं शिक्षण घेतलेला माणूस मी. मग लाकडात आल्यावर व्हर्निअर कापडात का गुंडाळून ठेवला? माझ्या मते त्याचं कारण असं की कारखान्यात मी कामगार होतो आणि इथं उस्ताद झालो होतो. उस्तादाला अंदाज शोभतो असं मला वाटत होतं. पेट्रोलमध्ये ऑइलही मी अंदाजानंच टाकायचो, बाटलीच्या झाकणानं. लिटरला वीस मिलिलिटर हे मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. ते पुस्तक सोळा वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर आलं नव्हतं.

सकाळी मी भाच्याला म्हणालो, "निलगिरीचं सांग."

त्यानं सांगितलं. कललेल्या झाडाच्या मागच्या अंगाला लाकूड ताणलेलं असतं, धनुष्याच्या पाठीसारखं. पुढची खाच उथळ असली आणि मागचा काप हळू गेला, तर बिजागरी तयार व्हायच्या आत झाड पडायला लागतं. बिजागरी म्हणजे खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये न कापता ठेवायची लाकडाची पट्टी. खोडाच्या व्यासाच्या साधारण दहावा भाग. तिच्यावर झाड दारासारखं वळून खाली येतं. ती व्हायच्या आत वजन पुढं गेलं की खोडाला उभं फाटण्यावाचून मार्ग राहत नाही. माझी खाच उथळ होती. आता आठवून सांगतो, एकपंचमांशही नसेल. आणि साखळी पीठ पाडणारी, म्हणजे काप हळू. झाड वंगाळ नव्हतं.

अशा झाडाला वेगळी रीत आहे. खाच घेतल्यावर पट्टीचं टोक बाजूनं खोडात भोसकायचं, आतून कापत बिजागरी हवी तेवढी ठेवायची, मागं थोडं लाकूड तसंच राखायचं आणि शेवटी तेवढं तोडायचं. भाचा एका दोन दिवसांच्या प्रशिक्षणात हे शिकून आला होता. मी एकोणपन्नासाव्या वर्षी शिकलो, आमच्या आवारात पुरलेल्या पाच फुटी ओंडक्यांवर. पहिल्यांदा मी पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लावला आणि कटर उसळून तोंडाकडं आला. साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळत असते. असा झटका आपल्याला कळायच्या आत येऊन जातो. ब्रेक लागला म्हणून वाचलो. ब्रेकची दांडी मी आधीच्या मशीनवर काढून टाकलेली होती, मधे येते म्हणून. मशीनच्या पुढच्या दांड्यावर डावा अंगठाही वर ठेवायची सवय होती. तो दांड्याखालून वळवून घ्यायला मला तीन महिने लागले. अजूनही घाईत असलो की वर येतो आणि भाचा लांबूनच ओरडतो, "मामा, अंगठा!"

आमच्याकडं द्राक्षाच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत काडीवर किती डोळे, म्हणजे फुटीच्या जागा, ठेवायचे यावर वर्षाचा माल ठरतो. म्हणून टोळी कितीही जुनी असली तरी पहिल्या काही वेलींमागं बागवाला स्वतः फिरतो, काडी हातात धरून डोळे मोजतो. वीस वर्षं छाटणी करणाऱ्या बाईला "मावशी, एक डोळा जास्त ठेवा" म्हटलं तर ती ठेवते. रागावत नाही. झाडं कापणाऱ्यांत ही पद्धत कधी आलीच नाही. झाड आडवं झालं की फांद्या ट्रॅक्टरमध्ये, खोड वखारीत. बुंध्यावरचा काप बघायला कोण थांबतं?

फांद्यांच्या बाबतीत मात्र काप झाडावरच राहतो. एका रविवारी मी भाच्याला स्कूटरवर मागं बसवलं आणि माझी जुनी कामं बघत आम्ही शहरभर फिरलो. गंगापूर रोडच्या एका बंगल्यातला आंबा मी २०११ मध्ये छाटला होता. तेव्हा मी फांदी खोडाच्या अगदी सपाटीला कापायचो, हात फिरवला तर गुळगुळीत लागली पाहिजे. गिऱ्हाईक खूश व्हायचं. वर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, फासायचो. दहा वर्षांनी त्या जागी माझी मूठ जाईल एवढं भोक होतं आणि आत मऊ काळा भुगा. बंगल्यातल्या काकू मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्या हातची छाटणी, कित्ती सुबक!" मला त्यांच्याकडं बघवेना.

तिथून जवळच, दुसऱ्या गल्लीत, एक कडुनिंब. तिथं शिडी पुरली नव्हती म्हणून फांदी जरा पुढून कापली होती, बुडाशी सुजल्यासारखी वळी असते ती सोडून. तो घाव चारी बाजूंनी कातडं ओढून घेतल्यासारखा मिटला होता. नाण्याएवढा डाग उरलेला. म्हणजे जिथं मी मनापासून काम केलं तिथं झाड कुजलं, आणि जिथं शिडी कमी पडली तिथं वाचलं.

भाच्यानं मला ॲलेक्स शायगो यांच्याबद्दल सांगितलं. अमेरिकेच्या वन खात्यातले शास्त्रज्ञ. कटर हातात घेऊन त्यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली, घावाच्या मागं आत काय होतं ते बघायला. त्यांना दिसलं की झाड आपल्या कातडीसारखा घाव भरून काढत नाही. ते बिघडलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि पुढं नवं लाकूड वाढवतं. ती सुजलेली वळी कापली की भिंत घालायची जागाच जाते. जखमेवर लावायच्या लेपांवर त्यांनी तेरा वर्षं प्रयोग केले. लेपानं कूज थांबत नाही असंच निघालं. ज्या मशीननं मी फक्त झाडं पाडली, त्याच मशीननं हा माणूस झाडाला विचारत होता. त्यांचा फोटो मी छापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय.

भाच्याला सगळं येतं असं मात्र मला म्हणायचं नाही. गेल्या वर्षी वळवाच्या पावसानंतर इंदिरानगरला एका गुलमोहराच्या मोडक्या फांद्या काढायच्या होत्या. तो दोर बांधून चढायला निघाला. दोर, गाठी, हेल्मेट, सगळं चोख. मी फेरी घातली. बुडाशी मातीलगत लाकडासारखी टणक आळंबी आलेली दिसली. तुंब्यानं ठोकलं. कमरेपर्यंत बद्द. त्याला म्हणालो, "उतर खाली." मग कुऱ्हाड त्याच्या हातात दिली आणि एकेका जागी ठोकून ऐकायला लावलं. त्यानं कान लावून ऐकलं, दहा-बारा वेळा. ते काम आम्ही शेवटी बकेट असलेली गाडी मागवून केलं. बाबा असते तर त्यांना ते ऐकणारं पोर आवडलं असतं.

टपरीवर मी निलगिरीची गोष्ट अजून सांगतो. आता खाचेपासून सुरू करतो. पहिल्यांदा सांगितली तेव्हा सगळे गप्प झाले. विषय बदलला. तिसऱ्या-चौथ्या वेळी एक जण, माझ्यापेक्षा जुना, चहा संपेपर्यंत थांबला आणि बाकीचे गेल्यावर म्हणाला, "ती साखळी कशी मोजता ते दाखवाल का एकदा?" दुसऱ्या दिवशी तो मशीन घेऊन आमच्या आवारात आला. मी त्याला दाखवलं, आणि माझं चुकत होतं तिथं भाच्यानं दाखवलं.

मागच्या महिन्यात पुन्हा एक कललेलं सुबाभूळ आलं, आडगावकडं, विहिरीच्या काठावर. खाच घेतली आणि कटर बंद करून भाच्याला म्हटलं, "बघ." त्यानं टेप लावला. "अजून दोन बोटं." मी अजून दोन बोटं घेतली. मग टोक भोसकलं, खालच्या कोपऱ्यानं सुरुवात करून, बिजागरी राखली आणि मागचं लाकूड तोडलं. झाड हळूच वळून पडलं, जिथं आम्ही खुंटी ठोकली होती त्याच्यापासून वावभर अंतरावर.

भाचा लगेच बुंध्याजवळ गुडघ्यावर बसला आणि बिजागरीला टेप लावला.

"दीड इंच, मामा. पण विहिरीकडच्या बाजूला पाव इंच जास्त राहिलीय. म्हणून खुंटी चुकली."

मी वाकून पाहिलं. राहिली होती.