तीन किलो तांदूळ आणि एक भाड्याची लेन्स

चंद्रपूरच्या एका किराणा दुकानात मी तीन किलो एचएमटी तांदूळ मागितला आणि तिथेच उभ्या उभ्या जीन्सच्या कापलेल्या पायात ओतायला लागलो. दुकानदाराने वजनकाट्यावरून मान वर केली. "शिजवाचा नाही का जी हा?"

शिजवायचा होता, पण चार दिवसांनी. तोवर तो ताडोबात माझी बीन बॅग होणार होता. जुन्या जीन्सचा गुडघ्याखालचा भाग, एका टोकाला दुहेरी शिवण, दुसऱ्या टोकाला चेन. पुण्याहून रिकामी आणायची, इथे भरायची. जिप्सीच्या आडव्या दांडीवर तो पाय खोगिरासारखा टाकला की दोन किलोची लेन्स त्यावर निवांत झोपते. थर्माकोलचे दाणे भरून बघितलेत; वजनाला काहीच नाहीत, पण लेन्स त्यांवर तरंगते. वाळू चांगली बसते, पण शिवणीतून झिरपली तर कॅमेऱ्याचं वाटोळं. तांदूळ दाबाल तसा बसतो. आणि चंद्रपूर जिल्ह्यात येऊन एचएमटीशिवाय दुसरा तांदूळ घ्यायचा तरी का? हे वाण याच जिल्ह्यातलं, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून वाढवलेलं. घड्याळाचं नाव तांदळाला मिळालं ते तिथूनच.

तर या सबंध सरंजामात सगळ्यात स्वस्त वस्तू ही होती आणि सगळ्यात कामाची हीच ठरली. बाकीच्यांची गोष्ट जरा वेगळी आहे.

निघण्याआधी महिनाभर घरात एकच विषय होता. माझ्याकडे निकॉनचा डी ५०० कॅमेरा आहे. २०१६ सालचा, आता जुना म्हणायचा, पण सेकंदाला दहा फोटो काढतो आणि अंधारात फोकस पकडतो. मला अजून तक्रार नाही. लेन्स मात्र ७०-३०० मिमीच्या पुढे कधी गेलो नव्हतो; हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. वाघाला ३०० पुरेल का? ज्याला विचारावं तो आपापल्या लेन्सचं नाव सांगायचा. शेवटी सिग्माची १५०-६०० भाड्याने घेतली. विकत घ्यायची तर लाखाच्या आसपास, आणि वर्षातून दोनदा जंगलात जाणाऱ्याने एवढे पैसे कपाटात ठेवू नयेत असं माझं मत. भाड्याचा एक फायदा कुणी सांगत नाही: लेन्स परत द्यायची असल्यामुळे माणूस तिच्या प्रेमात पडत नाही.

सॅकमध्ये मग १५०-६०० आली, ७०-३०० राहिली, रुंद दृश्याची वाइड १०-२० घुसवली, ट्रायपॉड बाहेरून बांधला. बायकोने तो बोजा उचलून बघितला. "तू जंगलात चाललायस की लग्नाची ऑर्डर घेतलीयेस?" तिच्या खांद्यावर तिचा जुना डी ५३०० होता, त्यावर १८-१४०. सात-आठ वर्षं ती लेन्स त्या कॅमेऱ्यावरून उतरलेली नाही.

नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे चंद्रपूरमार्गे ताडोबाच्या मोहर्ली गेटपर्यंत गाडीने. मे महिन्यात पारा ४५ च्या वर होता. लोक विचारतात की असल्या उन्हात कशाला मरायला जायचं. कारण साधं आहे: पानगळ झालेली असते, गवत वाळून बसलेलं असतं, पाणी मोजक्या ठिकाणी उरतं आणि सगळ्यांना तिथेच यावं लागतं. ताडोबा १९५५ सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे. १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. पण उन्हाळ्यात इथलं खरं राज्य पाणवठ्यांचं.

पहिल्या सकाळी गेटवर रांगेत उभं राहिलो तेव्हाच ट्रायपॉडचा निकाल लागला. जिप्सीत सहा माणसं, गाईड आणि ड्रायव्हर. त्यात तीन पाय आणखी कुठे पसरणार? एकपायी मोनोपॉडही शेजाऱ्याच्या बरगडीत जातो. ट्रायपॉड चारही दिवस होमस्टेच्या खाटेखाली राहिला आणि मोबाइल त्याच्या शेजारी, कारण तो आत नेता येत नाही.

उजाडता उजाडता रस्त्यावर रानकुत्रे मिळाले. पाच-सहा जण, ओल्या तोंडाचे, नुकतंच काहीतरी उरकून आलेले. इथे भाड्याच्या लेन्सची पहिली मर्यादा कळली. ६०० वर तिचं तोंड एफ ६.३ एवढंच उघडतं. एफ ४ च्या लेन्सला त्याच्या अडीच पट उजेड मिळतो. त्या अडीच पटीसाठीच लोक काही लाख रुपये मोजतात. माझा आयएसओ, म्हणजे कमी उजेडासाठी वाढवायचा आकडा, ६४०० वर गेला आणि शटर तरीही सेकंदाच्या दोनशेव्या भागापेक्षा वेगात जाईना. मग धावणाऱ्यांचा नाद सोडला आणि जो थांबून आमच्याकडे बघत होता त्याच्यावरच टेकलो. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं, कारण चालू जिप्सीची थरथर तांदळालाही पेलत नाही. वाढवलेल्या आयएसओने फोटोत खरखरीत दाणे आलेत. असू देत. कुत्र्याच्या मिशीवरचं रक्त दिसतंय.

नवाच्या सुमारास पांढरपौनीच्या पाणवठ्यावर आलो. हा एकेकाळी माया वाघिणीचा इलाखा. २०२३ नंतर ती दिसली नाही, पण गाईड अजूनही प्रत्येक पाणवठा तिच्या नात्याने ओळख करून देतात. पलीकडच्या काठाला एक वाघ मागचं अर्धं अंग पाण्यात टाकून बसला होता. अंतर सहज दीडशे मीटर. मी ६०० वर लेन्स ताणून दोनशे फोटो काढले. दुपारी होमस्टेवर मोठे करून बघितले तर एकही धारदार नाही. वाघ जणू पाण्याखालून काढल्यासारखा. मी लेन्सला शिव्या घातल्या, मग फोकसला, मग स्वतःच्या हातांना.

लेन्सचा काही दोष नव्हता. तापलेल्या जमिनीवरची गरम हवा हलत राहते आणि तिच्यातून येणारा उजेड वाकडातिकडा होतो, डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी चकाकल्यासारखं दिसतं तसाच प्रकार. जितकं अंतर जास्त, तितकी ही हलती हवा मध्ये जास्त. दहा लाखांची लेन्स आणली असती तरी तिने तीच हवा अधिक बारकाईने टिपली असती. दुसऱ्या दिवशी सहा वाजता, जमीन गार असताना, याच लेन्सने तेलिया तलावाच्या काठावरच्या सांबराच्या पापण्या मोजून दिल्या. तेव्हापासून उन्हाळ्यात आठ-साडेआठनंतर लांबचे फोटो मी काढतच नाही. नुसतं बघतो. बघायलाही छान असतं ते.

आता मुख्य प्रसंग. तिसऱ्या दिवशी दुपारची फेरी. आदल्या संध्याकाळी सर्पगरुडाचे फोटो काढताना लेन्स सारखी मधल्या फांद्यांवर फोकस करत होती, म्हणून मी फोकस लिमिटरचं बटण "१० मीटर ते अनंत" वर सरकवलं होतं. म्हणजे दहा मीटरच्या अलीकडचं जग लेन्सने बघायचंच नाही. सरकवलं आणि विसरलो.

मोहर्लीकडून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब आहेत. गोंड राजांच्या काळातले. त्यांच्यावरून दोर ताणून निरोप पोहोचवत असं तिथे सांगतात. अशाच एका खांबाजवळ चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, आला. थांबलो. पुन्हा कॉल. मी १०-२० काढून खांबाचा फोटो घ्यावा म्हणून सॅकच्या चेनला हात घातला, तेवढ्यात गाईड न वळता पुटपुटला, "लेन्स बदलू नका जी आता. येऊन राहिली ती."

वाघीण बांबूतून निघाली ती थेट रस्त्यावर, आणि रस्त्याने सरळ आमच्याकडे. ड्रायव्हर गाडी मागे घ्यायला लागला, तर मागे दोन जिप्सी येऊन उभ्या. ती शांत चालत राहिली. पंधरा मीटर, बारा, आठ. माझ्या लेन्सने पुढे-मागे घरघर केली आणि हात टेकले. फोकस नाही म्हणजे नाही. बटणाची आठवण व्हायला दोन-तीन सेकंद गेले असतील; ते सरकवलं तोवर पुढचं संकट तयार. १५० पेक्षा मागे ही लेन्स येत नाही, आणि माझ्या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर ते सव्वादोनशेसारखं दिसतं. आठ मीटरवर त्यात जेमतेम सव्वा मीटरचं चित्र मावतं. वाघीण शेपटीसकट अडीच मीटरची. माझ्याकडे त्या भेटीचे एकोणीस फोटो आहेत: एक कान, एक खांदा, पट्ट्यांचे बरेच नमुने आणि एक अत्यंत सुरेख शेपूट.

ती खांबाला अंग घासून डाव्या बाजूला उतरली आणि गेली.

बायको म्हणाली, "मी तीनच काढले." त्यातला दुसरा आता आमच्या बैठकीच्या खोलीत लावलाय. ३५ मिमीच्या आसपास काढलेला. उजवीकडे शेवाळ वाळलेला दगडी खांब, त्याला लागून वाघीण, मागे बांबूची जाळी, आणि खालच्या कोपऱ्यात ड्रायव्हरच्या टोपीची कड. तो फोटो बघून कुणालाही विचारावं लागत नाही की हा कुठला वाघ. माझ्या पांढरपौनीच्या वाघाभोवती मात्र फक्त माती आणि पाणी. तो कुठल्याही जंगलातला असू शकतो.

शेवटच्या फेरीत मी हट्टाने उलटं केलं. ६०० ने झाडं बघायला लागलो. मे महिन्यात ताडोबात निष्पर्ण कुल्लू, ज्याला आम्ही कांडोळ म्हणतो, काळपट सागाच्या गर्दीत पांढराफटक उभा असतो. लांबच्या उतारावरचं एकच झाड ४०० वर ओढून घेतलं, मागे सागाच्या खोडांची उभी रेघोटी. वाघ नाही, हरीण नाही. मला तो माझा या सहलीतला सगळ्यात आवडता फोटो वाटतो. घरात हे मत असलेला मी एकटाच आहे.

निघताना तांदूळ होमस्टेच्या काकूंना दिला. बाहेरून जीन्स धुळीने विटकरी झाली होती, आतला दाणा स्वच्छ. "वाघ पाह्यलेला तांदूळ हाय," म्हणाल्या, आणि हसत आत नेला.

सप्टेंबरच्या शेवटी हरिश्चंद्रगडावर गेलो तेव्हा सॅक भरताना हे सगळं डोक्यात होतं, तरी जुनी सवय सुटली नाही. डोंगर म्हणजे वाइड, म्हणून १०-२० कॅमेऱ्यावर चढवूनच पायथ्याच्या पाचनईहून निघालो. ७०-३०० सोबत घेतली, कारण तिचं वजन अर्ध्या किलोच्याही आत आहे. ट्रायपॉडने इथे आपले पैसे वसूल केले. केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच शाबूत उभा आहे, मधल्या लिंगाभोवती कंबरभर गार पाणी, आणि उजेड इतका कमी की चार-चार सेकंद शटर उघडं ठेवावं लागलं. हातात धरून ते कुणाच्या बापाला जमणार नाही. लेन्सवर पोलरायझर फिल्टरही लावला होता. ओल्या कातळावरची आणि पानांवरची पांढरी चमक तो पुसून टाकतो आणि हिरवा रंग खाली खरा दिसायला लागतो. फक्त वाइड लेन्सवर निळ्या आभाळात तो वापरू नका. अर्धं आभाळ गडद, अर्धं फिकं, म्हणजे घरात दोन वेळा रंग दिल्यासारखं होतं.

कोकणकड्यावर सकाळी सातला पोहोचलो. ढग कड्याच्या पोटात भरलेले, वारा खालून वर. ट्रायपॉडचे पाय आखूड करून खाली सॅक टांगली, लेन्सवर हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप. सूर्य पाठीमागून वर आला, आणि समोरच्या ढगावर आमची सावली पडून तिच्याभोवती रंगांचं पूर्ण गोल कडं उमटलं. इंद्रवज्र! ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने १८३५ साली इथेच ते पाहिल्याचं सांगतात. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने ते सकाळीच दिसायचं, ही गोष्ट मला माहीत होती. माहीत नव्हतं ते हे की इंद्रधनुष्य जितकं आभाळ व्यापतं त्याच्या मानाने हे कडं फार लहान असतं, जेमतेम काही अंशांचं. माझ्या १० मिमीच्या फोटोत ते रुपयाच्या नाण्याएवढं आलं.

सॅक ट्रायपॉडखाली टांगलेली. ती सोडवली तर ट्रायपॉड वाऱ्यावर जाणार, नाही सोडवली तर ७०-३०० आतच राहणार. मी सोडवली, बायकोने ट्रायपॉड धरला, लेन्स बदलली, भुरभुर पावसाचा एक थेंब नेमका आत गेला. तोवर ढग वर आला आणि कडा, कोकण, कडं सगळं पांढरं. अर्धा तास वाट बघून खाली झापावर पिठलं-भाकरी खायला गेलो. मोबाइलवर काढलेलं कडं माझ्यापेक्षा बरं आलं होतं, अर्थातच तिचं.

कॅमेरा घरी आल्यावर दोन दिवस सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवला. बुरशी लागली नाही, पण सेन्सरवरचा तो थेंबाचा डाग साफ करून घ्यावाच लागला.

जानेवारीत भिगवणला जायचंय, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला. उजनीच्या पाण्यावर होडीत बसून. होडीत कडेला हात टेकवून लेन्स पाण्याच्या जवळ धरता येते, पक्षी लांब असतात आणि भोवती पाणीच पाणी, तेव्हा ६०० तिथे खरंच लागते. तीच १५०-६०० पुन्हा सांगून ठेवली आहे. लिमिटरच्या बटणावर मात्र दुकानातूनच चिकटपट्टी लावून घेणार आहे.