खोकला असाच ठेवा

१७ फेब्रुवारी, रात्री साडेअकरा

तीन आठवडे झाले, खोकला काही जात नाहीये. आज तालमीत दुसऱ्या अंकात अशी उबळ आली की पुढचं वाक्यच विसरलो. वाटलं आता दिग्दर्शकबुवा ओरडणार, तर म्हणाले, अहो हे झकास आहे, म्हाताऱ्याला शोभतंय, खोकला असाच ठेवा. सगळे हसले, मीपण हसलो, आणि रिक्षातून येताना एकदम आठवलं की असलंच वाक्य साडेतीनशे वर्षांपूर्वी एका माणसाने स्वतःच्याच खोकल्यासाठी लिहून ठेवलंय. आणि योगायोग बघा, आज तारीखही त्याचीच.

मोलियर, फ्रेंच नाटककार आणि नट. नाटक 'लाव्हार', १६६८ चं, म्हणजे ज्याच्यावरून अत्र्यांनी 'कवडीचुंबक' केलं ते. त्यातला कंजूष म्हातारा आर्पागों, तो स्वतः मोलियर करायचा. छातीचं दुखणं तेव्हा जडलेलंच होतं, स्टेजवर खोकला आला तर लपवणार कुठे, मग त्याने तो भूमिकेतच घालून टाकला. लग्न जमवणारी बाई म्हाताऱ्याला मस्का लावताना म्हणते, तुम्ही खोकता पण किती छान हो! कंपनीतला एक नट, त्याच्या मेव्हण्यांपैकीच, लंगडत चालायचा, तर त्याच नाटकात नोकराला लंगडा म्हणून शिवी घातली आणि तोही प्रश्न मिटवला. आपल्याकडे असं काही झालं की आधी रिप्लेसमेंट शोधतात.

खरं नाव झाँ-बाप्तिस्त पोकलँ. जन्म पॅरिसचा, १६२२. वडील राजाच्या पदरी गाद्या-पडदे-फर्निचर बघणारे, म्हणजे पक्की वंशपरंपरागत नोकरी, पोराला चांगल्या शाळेत घातलेलं, आणि पोराने एकविसाव्या वर्षी ती नोकरी सोडून मादलेन बेजार नावाच्या नटीबरोबर नाटक कंपनी काढली. दोन वर्षांत कर्जाने बुडाली. १६४५ ला तुरुंगात गेला, आणि ज्यांचे पैसे थकले होते त्यांत कोण, तर मेणबत्तीवाला! तेव्हा स्टेजवर उजेड म्हणजे मेणबत्त्याच. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो, कारण आमच्या ग्रुपचं मागच्या वर्षीचं लाइटवाल्याचं बिल अजून अर्धं बाकी आहे आणि तो माणूस दिसला की आम्ही रस्ता बदलतो.

सुटल्यावर तेरा वर्षं गावोगाव. कंपनी घेऊन फ्रान्सचा दक्षिण भाग पालथा घातला, आणि मला वाटतं तो खरा तयार झाला तो त्या फिरतीतच. १६५८ च्या ऑक्टोबरात लूव्र राजवाड्यात चौदाव्या लुईसमोर प्रयोग करायची संधी मिळाली तर गडी काय करतो, गंभीर शोकांतिका! ती काही फारशी रंगली नाही. मग शेवटी हात जोडून, महाराज गावाकडे करतो तसला एक छोटा फार्स दाखवू का, आणि राजा हसला, पॅरिसमध्ये थिएटर मिळालं. पुढे तार्तुफ प्रकरण, धर्माच्या आडून लुबाडणाऱ्या ढोंग्यावरचं नाटक, १६६४ ला बंदी आणि १६६९ ला परवानगी, तोवर याला जाळा म्हणणारे पाद्रीपण निघाले. त्यावर लिहीत बसलो तर पहाट होईल.

आपल्या 'संशयकल्लोळ'चं मूळही याच्याचकडे जातं, हे मला फार उशिरा कळलं. १६६० चं 'स्गानारेल', त्यात एकीच्या हातून तसबीर पडते, दुसरीला सापडते, तिचा नवरा बघतो आणि पेटतो. ते इंग्लंडात मर्फी नावाच्या नाटककाराने उचललं, मर्फीवरून देवलांनी आधी गद्य 'तसबिरीचा घोटाळा' केलं आणि १९१६ ला पदं घालून संगीत. म्हणजे आमच्या फाल्गुनरावाचे पणजोबा पॅरिसचे! हरिभाऊ आपट्यांचे 'मारून मुटकून वैद्यबुवा' पण तिकडूनच आलेले.

वैद्यांवर त्याचा भारी राग. शेवटचं नाटक त्यांच्यावरच, काही झालेलं नसताना सतत औषधं घेत बसणारा आर्गां आणि त्याला पिळणारे डॉक्टर. त्यात आर्गां चिडून म्हणतो की मी डॉक्टर असतो तर त्या मोलियरला औषधच दिलं नसतं, मर म्हणालो असतो. हे वाक्य बोलणारा स्वतः मोलियर, आणि खरोखर मरत असलेला. समोरचा भाऊ सांगतो, तो औषध घेणारच नाही, त्याच्यात फक्त दुखणं सोसण्यापुरतीच ताकद उरलीय. प्रेक्षक हसले असतील का इथे? मला तर पलंगावर पडून वाचतानाही कसंतरी झालं.

१७ फेब्रुवारी १६७३, चौथा प्रयोग. बायकोने विनवलं, आज नको. त्याच्या एका जुन्या चरित्रात लिहिलंय की तो म्हणाला, हातावर पोट असलेली पन्नास माणसं आहेत, त्यांनी काय करायचं. शेवटच्या प्रवेशात, लुटुपुटीच्या डॉक्टरकीची शपथ घेताना झटका आला, सांगतात की तो त्याने हसण्यावारी नेला. प्रयोग पूर्ण केला. त्याच रात्री घरी प्राण सोडला. वय ५१. नट म्हणून चर्च नीट पुरायलाही तयार नव्हतं, शेवटच्या घटकेला प्रार्थनेसाठी बोलावलं तर दोन पाद्र्यांनी यायला नकार दिला, तिसरा येईपर्यंत संपलं होतं. बायको राजाकडे गेली तेव्हा कुठे चार दिवसांनी परवानगी, तीही अंधार पडल्यावर, गाजावाजा न करता.

आणि मार्चमध्ये कंपनीने तेच नाटक परत लावलं, आर्गांच्या जागी दुसरा नट. पन्नास माणसं होतीच ना.

हे सगळं बायकोला सांगत होतो तर ती म्हणाली, पुराण पुरे, डॉक्टरांनी दिलेलं सिरप घे. घेतलं. आता तासभर झाला, एकदाही खोकलो नाहीये. शनिवारी प्रयोग आहे आणि दिग्दर्शकबुवांना खोकला हवाय. उद्यापासून प्रॅक्टिस करावी लागणार.