गोव्याचा ट्रेलर महाराष्ट्रात आणताना: कागदांची नोंद

मी घेतलेला जुना कॅरॅव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, अजून मडगावलाच उभा आहे आणि तिथून हलवायची मला घाई नाही. आत पलंग कुठे, ओटा कुठे, पाण्याची टाकी कुठे याची चित्रं तयार आहेत. पण या वेळची नोंद फक्त कागदांची. जुना कॅरॅव्हॅन ट्रेलर बघायला गेलो की आपण अ‍ॅक्सलखाली वाकतो, टायर दाबून बघतो. त्याआधी आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, मागा, असं मी आग्रहाने सांगेन.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. इंजिन नसलं तरी त्याला स्वतःची नोंदणी आणि स्वतःचा नंबर लागतो. ओढणाऱ्या गाडीच्या आरसीत तो भागत नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मालकीचं टायटल वेगळं आणि नोंदणी वेगळी. आपल्याकडे असा वेगळा दाखला नाही: नोंदणी ज्याच्या नावावर, तो मालक. विकून टाकलेल्या गाडीचं नाव बदललं नसेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार वि. विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलं. म्हणून नाव बदलण्याची घाई घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यालाही हवी.

आरसीवर आधी वर्ग पाहिला. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये येतो. व्यावसायिक नोंद असती तर वेळोवेळी फिटनेस तपासणीचं चक्र मागे लागलं असतं आणि मी तो घेतलाच नसता. मग चासीचा, म्हणजे सांगाड्याचा नंबर. इंजिन नंबर नसल्यामुळे ट्रेलरची खरी ओळख एवढीच. गंज घासून अंक आरसीशी एकेक करून जुळवले आणि पेन्सिल प्रिंट घेतली, म्हणजे कागद ठेवून पेन्सिलने घासून अंकांचा ठसा. गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवायला जुन्या आरटीओची ना हरकत लागते, तिच्या फॉर्म २८ वर ही प्रिंट चिकटवावी लागते. आधीच्या मालकांनी कर्ज कधीच फेडलं होतं, पण आरसीवर बोजा तसाच होता. फायनान्स कंपनीच्या सहीचा फॉर्म ३५ देऊन तो उतरवून घेतला. बोजा उतरेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका, मग समोरचा कितीही ओळखीचा असो.

आता ना हरकतीचा अर्ज गेला आहे. चोरीची तक्रार नाही ना, कर थकलेला नाही ना, हे तपासूनच ती मिळते. आरटीओने ३० दिवसांत नकार कळवला नाही, तर ना हरकत दिली असं कायदा मानतो. ती हातात आली की इकडच्या आरटीओत फॉर्म २७ वर नवा नंबर, २९ आणि ३० वर नाव बदल, आणि इथला कर.

बांधणी करणाऱ्यांसाठी याच कायद्याचं कलम ६१ महत्त्वाचं. ट्रेलरचा स्वतःचा नंबर बाजूला लागतो आणि मागे ओढणाऱ्या गाडीचा नंबर दिसावा लागतो. कधी माझी जीप ओढेल, कधी भावाची. त्यामुळे मागच्या पत्र्यावर नंबर प्लेट बदलता येईल अशी चौकट आणि तिच्यावर दिवा ठेवतोय. खिडकीची जागा त्यासाठी थोडी वर सरकवली आहे. वायरिंगचा आराखडा पुढच्या नोंदीत टाकतो.