थॅडियस स्टीव्हन्सचं वकीलपत्र

बडोद्यात शिक्षणाचा विषय निघाला की गाडी सयाजीरावांवर येतेच. १९०६ साली सबंध संस्थानात सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण! आम्ही दांडिया बाजारातले मराठी लोक तर हे अशा थाटात सांगतो, जणू आमच्याच आजोबांनी हुकूम काढला. पण महाराजांना कुणाकडे मतं मागायला जायचं नव्हतं. अमेरिकेतला वकील आणि पुढारी थॅडियस स्टीव्हन्स याला जायचं होतं.

हा १७९२ सालचा, व्हर्मॉन्टचा. एक पाय जन्मापासून अधू. बाप घर सोडून गेला, आईने चार मुलगे वाढवले. १८१६ पासून पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग या लहानशा गावात वकिली, आणि १८३३ मध्ये राज्याच्या विधानसभेत.

१८३४ साली तिथे मोफत शाळांचा कायदा झाला आणि लोक खवळले. दुसऱ्याच्या पोरांसाठी आम्ही कर का भरायचा? वर्षभरात वरच्या सभागृहाने तो रद्द करायचा ठरावही केला. स्टीव्हन्सच्या मतदारांनाही तेच हवं होतं. हा उभा राहिला आणि म्हणाला, कैद्यांना पोसायला आणि शिक्षा द्यायला तुम्ही कर खुशाल भरता, मग माणूस गुन्हेगार होऊच नये म्हणून द्यायच्या कराला एवढी बोंब का? कायदा टिकला. आणि बोलणारा स्वतः बिनलग्नाचा!

पण माझं मन अडकतं ते १८२१ च्या खटल्यात. पेनसिल्व्हेनियात बाहेरून आणलेल्या गुलामाला सहा महिन्यांहून जास्त ठेवलं तर तो स्वतंत्र, असा नियम. चॅरिटी बटलर ही शेजारच्या मेरीलँड राज्यातली गुलाम बाई. तिचं पेनसिल्व्हेनियातलं राहणं तुकड्यातुकड्यांचं. सगळं जोडलं तर सहा महिने भरत होते. स्टीव्हन्सचं वकीलपत्र मालकाचं. मुदत सलग हवी, तुकडे जोडून चालणार नाही, हा त्याचा मुद्दा. कोर्टाने तो मानला. चॅरिटी आणि तिची लेकरं परत गुलामीत.

पुढे हाच माणूस पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने उभा राहिला, अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, कायद्यापुढे सगळे समान म्हणणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी झगडला. काही चरित्रकार याला प्रायश्चित्त म्हणतात. असेलही.

बार रूममध्ये चहा पिताना माझ्या ज्युनिअरला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण सर, मुदत सलग हवी, हा कायद्याचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला होता का?"

नव्हता. तो मुद्दा दिसला असता तर मीही मांडला असता, आणि मला बोचतं ते हेच. दुरुस्तीचं श्रेय त्याला जरूर दे, म्हटलं, पण चॅरिटीचा हिशोब त्यात वळता करू नकोस. तिला पटलं नाही. तेवढ्यात तिचं मॅटर पुकारलं, फाइल उचलून ती पळाली.