जांबोटीच्या रानातलं पारायण

बेळगाव-चोर्ला रस्त्यावर जांबोटी मागे पडली की खरं रान सुरू होतं. गोव्याला निघालेल्या गाड्या इथे थांबल्याच तर चहापुरत्या. मी कणकुंबीच्या बसमधून अलीकडच्या एका फाट्यावर उतरलो. बसची पाटी कानडी, तिकीट कानडी, आणि फाट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याचा प्रश्न, "पाव्हणं, पारायणाला काय?"

मित्राच्या गावचं तीन दिवसांचं ज्ञानेश्वरी पारायण होतं. त्याने आधीच बजावलं होतं, नुसता जेवायला येऊ नकोस, राबायला ये. गावाचं नाव लिहीत नाही. रील काढणाऱ्यांची झुंबड तिथल्या लोकांना नको आहे, आणि मलाही.

खानापूर तालुक्याचा हा पश्चिमेकडचा पट्टा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि तो मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. सरकारी कागद कानडीत. घरात, शेतात, भजनात मराठी. या विषयावर पुण्यात जेवढं तावातावाने बोलतात तेवढं मांडवात कुणी बोलताना ऐकलं नाही. मांडवात चर्चा होती ती ट्रॅक्टरची.

ट्रॅक्टर पाण्यासाठी हवा होता. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. इकडे भीमगडच्या रानात देगावजवळ म्हादई उगम पावते, ती पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते. दोन नद्यांच्या माहेरात मार्च महिन्यात पिपं भरून पाणी आणायचं, हे आधी चमत्कारिक वाटलं. पाऊस इथे बेदम कोसळतो, पण उतारावर आणि जांभ्या दगडात तो ठरत नाही. ओढ्याच्या कोंडीत जे उरतं ते गुरांना आणि रानातल्या जनावरांना ठेवायचं, असं गावाचं ठरलेलं. माणसांचं पाणी वाडीवरच्या बोअरवेलवरून. त्यामुळे माझी पहिली सेवा कीर्तनात टाळ धरण्याची नव्हती. ट्रॉलीवर उभं राहून पिपात पाइप धरण्याची होती. खेप घेऊन परत येईतो निम्मा भिजलेलो असायचो, आणि उन्हात ते बरंच वाटायचं.

मांडव देवराईला लागून, पण देवराईच्या बाहेर. आत चूल नाही, चप्पल नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. सरपण लोकांनी आपापल्या मालकीच्या जागेतून आणलेलं, त्यात काजूच्या छाटलेल्या फांद्या पुष्कळ. काजूची बोंडं पिकून खाली पडलेली, वाटभर आंबूस वास. जमिनीवर वाळक्या पाल्याचा थर इतका जाड की पावलागणिक चरचर आवाज. अशा जागी शे-दीडशे माणसांचा स्वयंपाक उघड्यावर करायचा म्हणजे आधी आगीचा बंदोबस्त. पोरांनी चुलींच्या भोवती पाला झाडून लाल माती उघडी केली, चांगली दोन पुरुष रुंद पट्टी, आणि वाऱ्याच्या बाजूला पाण्याची दोन पिपं ठेवली. रात्री चुली विझवल्यावर एक तात्या काठीने राख उलटी-पालटी करून बघायचे. वरून थंड झालेल्या राखेत पोटात निखारा असतो. तात्यांना कुणी हे काम नेमून दिलं नव्हतं, पण ते उठल्याशिवाय कुणी झोपायला जात नव्हतं.

खीर मात्र बायकांच्या ताब्यात. सडून कोंडा काढलेले गहू रात्रभर भिजवून पहाटे हंड्यात चढवले. मोठ्या लाकडी उलथण्याने ढवळायला मला उभं केलं. तासाभराने मी विचारलं, "काकू, आता गूळ घालायचा का?" काकूंनी एक दाणा बोटात धरून दाबला, तो फुटला नाही. म्हणाल्या, "आत्ताच गूळ घाटलास तर दाणा तस्साच ऱ्हातोय बघ, चावून दात जातील." गूळ पडला की गहू पुढे शिजत नाही. दाणा पार फुलून, बोटाखाली विरघळेल इतका झाला तेव्हा कुठे गूळ, मग नारळाचं दूध, खसखस, सुंठ, जायफळ. त्या वासावर मांडवातले वाचक ओवी चुकत असणार, असं मला अजूनही वाटतं.

वाचनाचीही एक गंमत कळली. अठरा अध्याय, तीन दिवस, मग रोज सहा. इतका सोपा हिशोब मी मनात धरला होता. व्यासपीठ चालवणारे महाराज हसले. नऊ हजारांवर ओव्या आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक शेवटच्या सहा अध्यायांत; एकट्या अठराव्यातच अठराशेच्या वर. सहा-सहा वाटले तर शेवटच्या दिवशी काला रात्री करावा लागेल आणि दुपारच्या पंगतीला लोक उपाशी. म्हणून त्यांची वाटणी अध्यायांवर नाही, ओव्यांवर. पहिल्या दोन दिवसांत पुढे रेटायचं, शेवटचा दिवस हलका ठेवायचा. पंगतीची वेळ गाठण्यासाठी केलेलं हे नियोजन मला एखाद्या रेल्वेच्या वेळापत्रकाइतकं चोख वाटलं.

कीर्तन इतर गावांत रात्री रंगतं. इथे ते संध्याकाळीच उरकतात, कारण वाड्यांवर परतायची वाट रानातून आहे. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, आणि त्याच्या आसपासच्या लोकांना गव्याची तितकी भीती वाटत नाही जितकी अस्वलाची. गवा दिसतो, अंतर राखून जातो. अस्वल वळणावर अचानक समोर आलं तर त्यालाही पळायला वाव नसतो आणि आपल्यालाही. म्हणून परतताना घोळका करायचा, बॅटऱ्या लावायच्या आणि टाळ वाजवत, मोठ्याने अभंग म्हणत चालायचं. भक्ती आणि अस्वल हाकलणं एकाच दमात. मी ज्या घोळक्यात होतो त्यात सगळ्यांत मोठा आवाज सासरहून, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका मुलीचा होता. तिला चाल येत नव्हती, पण जोर भरपूर.

शेवटच्या दिवशी दिंडी निघाली, काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली. पंगतीला बहुतेकांनी घरूनच ताट-तांब्या आणलेला, त्यामुळे मागे उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग नाही. पाहुण्यांपुरत्या पळसाच्या पत्रावळी होत्या. वाढताना कळलं की गोव्यात आणि पुण्यात कामाला असलेली पोरं सुट्टी काढून आलीत आणि जेवायला सगळ्यांत शेवटी बसतात. मीही त्यांच्याबरोबर बसलो. खीर हंड्याच्या तळची, थोडी लागलेली, म्हणजे सगळ्यांत चांगली.

दुपारनंतर झाडाखाली हिशोब वाचला. कुणी किती रोख, कुणी किती पायली तांदूळ, कुणी गुळाची ढेप, सगळं मोठ्याने. जनरेटरच्या डिझेलवर वाद झाला: दुसऱ्या संध्याकाळी मशीन कीर्तन संपल्यावरही अर्धा तास चालू होतं, ते पैसे कुणी द्यायचे? वरच्या वाडीचं म्हणणं खालच्या वाडीने, खालच्या वाडीचं म्हणणं वरच्या. महाराज गप्प बसून सुपारी कातरत होते. शेवटची बस साडेपाचची, तेव्हा मी पिशवी उचलली. मित्र फाट्यापर्यंत आलाच नाही. तो खालच्या वाडीकडून भांडत होता.