लाल वायर आणि तीस मार्क

सोमवार, रात्री

साठच्या दशकातल्या ब्रिटिश बँडांच्या नोंदी पुन्हा चाळल्या, आणि पुन्हा तीच हळहळ वाटली. पश्चिम जर्मनीतलं हॅम्बुर्ग, जिथल्या क्लबांत हे बँड वाजवायला जात, ते म्हटलं की सगळे बीटल्सपाशी येऊन थांबतात. लिव्हरपूलहून तिथे सर्वांत आधी गेला तो डेरी अँड द सीनियर्स हा बँड, १९६०च्या उन्हाळ्यात, ब्रूनो कोशमीडरच्या कैसरकेलर क्लबात. बीटल्स त्यांच्यामागून १७ ऑगस्टला पोचले, तेही त्याच रस्त्यावरच्या इंद्रा नावाच्या लहान क्लबात. सीनियर्सचा सॅक्सोफोनवादक हॉवी केसी पुढे पॉल मॅकार्टनीच्या विंग्ज या बँडाबरोबर दिसतो. बाकीच्यांची नावं आता फक्त नाद असलेल्यांना माहीत. अशा बँडाने परदेशातली सुपारी घेतली की पुढ्यात नेमकं काय यायचं, ते एकदा सविस्तर लिहून ठेवायचं आहे.

आधी पैसा. बीटल्सचा कोशमीडरशी करार होता माणशी दिवसाला ३० मार्कांचा. तेव्हा पौंडाला साधारण पावणेबारा मार्क पडत, म्हणजे रोजचे अडीच पौंडांहून किंचित जास्त. आठवड्याचे २१० मार्क, जवळपास १८ पौंड. घरी गिरणी-कारखान्यातला माणूस चौदा-पंधरा पौंडांवर आठवडा काढत असताना अठरा-वीस वर्षांच्या पोरांना हा आकडा मोठा वाटणारच. पण त्यातून जेवण, गिटारच्या तारा आणि इंग्लंडातल्या दुकानाचे वाद्यांवरचे हप्ते जायचे. राहायची सोय मालकाकडून, म्हणून ती फुकट वाटायची. बीटल्सना मिळाली ती बांबी किनो या सिनेमागृहाच्या पडद्यामागची खोली. तोंड धुवायला प्रेक्षकांच्या स्वच्छतागृहातलं गार पाणी.

मंगळवार

कागदपत्रांचं प्रकरण रुक्ष आहे, पण बँड परत पाठवले गेले ते इथेच चुकून.

ब्रिटन युरोपीय समुदायात आलं १९७३ साली. त्याआधी पश्चिम जर्मनीत पैसे घेऊन वाजवायचं तर कामाचा परवाना लागायचा. सीमेवर ‘आम्ही विद्यार्थी, सुट्टीला निघालोय’ असं सांगून आत शिरता येत असे. पण क्लबमालक आणि बँड यांचं बिनसलं की हाच कच्चा दुवा मालकाच्या हाती लागे. वयाचाही नियम होता. रात्री दहानंतर अठराखालच्यांना अशा क्लबात थांबायला मनाई होती, आणि पोलिस ओळखपत्रं तपासत. बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन तेव्हा सतरा वर्षांचा. २१ नोव्हेंबर १९६०ला त्याची घरी रवानगी झाली.

जकातीचं वेगळं. प्रत्येक वाद्याची यादी लागायची: कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर, किंमत. एटीए कार्ने नावाची सोय, म्हणजे सामान जकात न भरता तात्पुरतं परदेशात नेण्याचा कागद, १९६१च्या ब्रसेल्स करारातून आली आणि १९६३मध्ये लागू झाली. ती नसेल तर सीमेवर अनामत किंवा हमी. परतताना यादीतला एखादा माइक कमी भरला तर तो तिकडे विकला असं धरून जकात लागायची. उलटही तेच: हॅम्बुर्गात घेतलेली गिटार घरी आणताना जकात. आणि हप्त्यांवरचं वाद्य फायनान्स कंपनीच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं म्हणजे कराराचा भंग, हे कितीजण वाचत असतील कोण जाणे. १९६६पासून आणखी एक कात्री लागली. ब्रिटिश प्रवाशाला वर्षाला फक्त ५० पौंडांचं परकीय चलन मिळू लागलं. व्हॅन परदेशात मोडली तर त्या पैशांत गिअरबॉक्स यायचा नाही.

व्हॅनचंही थोडं. बेडफर्ड सीए किंवा फोर्ड थेम्स, माणसं पाच-सहा, वर सगळं सामान. नट-बोल्ट इंची मापाचे, जर्मन गॅरेजातले पाने मिलिमीटरचे, म्हणून पान्यांचा आपला संच आणि एक जादा फॅनबेल्ट बरोबर हवाच. ब्रिटिश हेडलाइटचा खालचा झोत डावीकडे वळतो. उजवीने चालणाऱ्या देशात तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. काचेच्या त्या भागावर चिकटपट्टी लावली की भागतं.

गुरुवार

आज विजेबद्दल. आठवणींच्या गप्पांत हा विषय फारसा निघत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा तोच.

ब्रिटनमध्ये तेव्हा लाल वायर म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. जर्मनीच्या जुन्या पद्धतीत काळी फेज, करडी न्यूट्रल आणि लाल म्हणजे अर्थ. हे वाक्य दोनदा वाचावं असं आहे. क्लबातल्या जर्मन एक्स्टेन्शनचा प्लग तुटला आणि इंग्लंडच्या पोराने सवयीने लाल वायर फेजच्या पिनेला लावली, तर दुसऱ्या टोकाला तीच वायर अर्थच्या पट्ट्यांवर निघते. ॲम्प्लिफायरची चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, २२० व्होल्टवर. गिटारच्या तारा चॅसीला जोडलेल्या. माइक दुसऱ्या ॲम्पवरून व्यवस्थित अर्थ झालेला. हात तारांवर, ओठ माइकला, आणि मधला मार्ग छातीतून.

उलट चूकही तितकीच वाईट. ब्रिटिश ॲम्पच्या केबलला क्लबातल्या माणसाने जर्मन रंगांप्रमाणे प्लग लावला: लाल अर्थला, काळी फेजला, उरलेली हिरवी न्यूट्रलला. ॲम्प चालू होतो, आवाजही येतो. पण जर्मन शुको प्लग दोन्ही बाजूंनी बसतो. उद्या तो उलटा घातला की हिरवी वायर, म्हणजेच चॅसी, फेजवर. आदल्या रात्री काही झालं नाही, म्हणून कोणाला शंका येत नाही.

यावर उपाय साधा आहे. गाण्याआधी मल्टीमीटर एसीवर ठेवून एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारेला लावायचं. प्लग उलटा करून पुन्हा मोजायचं. काटा जेमतेम हलला तर ठीक. शंभराच्या घरात गेला तर वाजवायचं नाही. मीटर नसेल तर निदान निऑन टेस्टर. अर्थची वायर कापून ॲम्पची गुणगुण घालवायची युक्ती तेव्हा सर्रास चालायची; गुणगुण जाते, संरक्षणही जातं. स्टोन द क्रोज या ब्रिटिश बँडाचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वान्सीत मंचावर विजेच्या धक्क्याने गेला, तोही स्वतःच्या देशात. जर्मनीने १९६५मध्ये अर्थसाठी हिरवा-पिवळा रंग ठरवला, ब्रिटनने १९७०च्या सुमारास केबलचे रंग बदलले. त्याआधीची सगळी वर्षं हे बँड या दोन पद्धतींच्या मधल्या फटीत वाजवत होते.

व्होल्टेजचा त्रास त्यामानाने सौम्य. ब्रिटनच्या २४० व्होल्टवर ठेवलेला व्हॉक्स एसी ३० हा ॲम्प जर्मनीच्या २२०वर थोडा दबका वाजतो, इतकंच. म्हणून ॲम्पवरचा व्होल्टेज सिलेक्टर २२०वर आणायचा. खरी चूक घरी परतल्यावर होते, तो पुन्हा २४०वर न्यायचा राहतो. एसी ३०मधल्या चार ईएल ८४ व्हॉल्व्ह (आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या) मुळातच मर्यादेच्या काठावर चालतात. जादा व्होल्टेजवर त्यांच्या प्लेटा लाल होतात आणि ट्रान्सफॉर्मरही तापतो. व्हॉल्व्हची नावं मात्र दोन्हीकडे एकच, त्यामुळे ब्रिटिश मलार्ड कंपनीच्या व्हॉल्व्हच्या जागी जर्मन टेलिफुंकेनची सरळ बसते. फ्यूजचं तसं नाही. ब्रिटिश फ्यूज ३२ मिलिमीटर, जर्मन २० मिलिमीटर. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून ॲम्प सुरू होतो, पण पुढचा बिघाड थेट ट्रान्सफॉर्मरवर येतो. दहा फ्यूज डबीत घालून नेणं केव्हाही स्वस्त. क्लबातली गाण्याची यंत्रणा बहुधा डायनाकॉर्ड किंवा एकोलेट असायची, तिला गोल डिन प्लग. ब्रिटिश माइकला जॅक. दोन जोडकेबली घरूनच बनवून न्याव्यात.

शुक्रवार, उशिरा

वाजवण्याचे तास: इंद्रामध्ये रोज साडेचार, शनिवार-रविवार सहा. साडेचार तास म्हणजे २७० मिनिटं. तीन मिनिटांचं गाणं धरलं तर नव्वद गाणी. घरून निघालेल्या बँडाकडे असायची तीसेक. म्हणून एकेक गाणं दहा-दहा मिनिटं ताणायचं, एकाला दोन सोलो द्यायचे, दर तासाला दोन-तीन गाणी बिनशब्दांची ठेवायची. हे हौसेने नाही, गळ्यासाठी. एकच गायक असलेल्या बँडाचा आवाज लवकर बसतो. तिघे गाणारे असतील तर निभावतं, आणि मूळ पट्टी एक सूर खाली आणायला लाजू नये.

प्रेल्युडिन या भूक मारणाऱ्या गोळ्या जागं राहायला घेतल्या जात. त्यांनी तोंड कोरडं पडतं, तहान लागते, समोर बिअर असते, आणि त्यावर ओरडून गाणं. घसा कुठून टिकणार?

ड्रमला अजून वासराचं कातडं असेल तर दमट तळघरात ते ढिलं पडतं, दर विश्रांतीला ताण द्यावा लागतो. प्लास्टिकची कातडी १९५७च्या सुमारास बाजारात आली होती. परदेशी जाताना तीच लावावीत. बास ड्रम पुढे सरकतो, त्याला दोरीने स्टुलाशी बांधायचं. कैसरकेलरचा मंच तर पेट्यांवर टाकलेल्या फळ्यांचा. रोरी स्टॉर्मच्या बँडात आणि बीटल्समध्ये तो आधी कोण मोडतं याची पैज लागली होती, आणि मंच मोडला.

रविवार

परदेश म्हणजे फक्त हॅम्बुर्ग नाही. बर्मिंगहॅमचे रेनिगेड्स १९६४मध्ये फिनलंडला गेले आणि तिथे घराघरात पोचले. मायदेशात त्यांना कोणी विचारत नव्हतं. रोक्स हा आणखी एक इंग्रज बँड; ते १९६३मध्ये इटलीत गेले आणि त्यांनी इटालियनमध्ये गायला घेतलं. हे काम वाटतं त्याहून अवघड. जोड व्यंजनं लांबवायची, प्रत्येक शब्दाचा शेवटचा स्वर पूर्ण उच्चारायचा, आणि इंग्रजी चालीवर ते बसवायचं. त्यांचा गायक शेल शापिरो तिथलाच होऊन गेला, त्यामागे ही मेहनत आहे.

आणि लिव्हरबर्ड्स. लिव्हरपूलच्या चौघी मुली, गिटार, बास, ड्रम सगळं स्वतः वाजवणाऱ्या. १९६४मध्ये हॅम्बुर्गच्या स्टार-क्लबात आल्या. तो क्लब १३ एप्रिल १९६२ला उघडला होता, इंद्रा-कैसरकेलरच्याच रस्त्यावर, ग्रोसे फ्राइहाइट ३९. लिव्हरबर्ड्सच्या रेकॉर्डी जर्मनीत खपल्या, इंग्लंडात नाहीत. १९६८मध्ये बँड थांबला. पुढच्याच वर्षी, ३१ डिसेंबरला, स्टार-क्लबही बंद झाला. चौघींपैकी पामेला बर्च आणि मेरी मॅकग्लोरी मात्र परत गेल्या नाहीत. त्यांनी हॅम्बुर्गातच घरं केली.