युज्ड डिझेल गाडी, गेलेलं फ्लायव्हील आणि वॉरंटीचा क्लेम : माझा नाशिकचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, क्लेम पास झाला पण अर्धाच. आणि तो अर्धा मिळवताना जेवढा मनस्ताप झाला त्यापेक्षा खिशातून भरून मोकळं झालो असतो तर बरं, असं बायको अजूनही म्हणते. मला नाही तसं वाटत. पैसे माझे होते आणि वॉरंटीच्या कागदावर लिहिलेलं होतं.

गाडी 2018 ची, डिझेल, बीएस फोर, चार मीटरच्या आतली कॉम्पॅक्ट एसयूव्ही. मॉडेल मुद्दाम सांगत नाही, कारण मग लोक लगेच "आमच्या मेव्हण्याकडे तीच आहे, दीड लाख पळाली, काही नाही झालं" सुरू करतात. मी जे बिघाड सांगतोय ते या साइजच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत एवढ्या रनिंगला कमीजास्त निघतातच. घेतली तेव्हा 84 हजार किलोमीटर झालेली. एका युज्ड कार विकणाऱ्या कंपनीकडून घेतली, तिचंही नाव घेत नाही, आणि घ्यायचं मेन कारण हेच की इंजिन-गिअरबॉक्सची एक वर्षाची वॉरंटी होती. आरसी ट्रान्सफर वगैरे आरामात झालं, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या आणि काही दिवसांनी कार्ड पोस्टाने घरी, पेठ रोडच्या आरटीओत पायही ठेवावा लागला नाही, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

पहिल्या काही महिन्यांत जे निघालं ते किरकोळ म्हणता येईल असं. सिंहस्थाच्या कामांमुळे निम्मं नाशिक खोदलेलं आहे, त्यात आपले स्पीडब्रेकर कुठल्या मापाने बनवतात देव जाणे, त्यामुळे पुढून खटखट यायला लागली. एका गॅरेजवाल्याने सरळ दोन्ही शॉकॲब्सॉर्बर सांगितले, 14 हजारांचा आकडा. दुसऱ्याने गाडी वर घेतली, हाताने रॉड हलवून दाखवला आणि म्हणाला लिंक रॉड गेलेत फक्त. दोन्ही बाजूचे मिळून 1,900 आणि मजुरी 500. खटखट बंद! म्हणून पुढून आवाज आला की आधी लिंक रॉड, मग लोअर आर्मचे बुश, मग स्ट्रट माउंट, आणि सगळ्यात शेवटी शॉकॲब्सॉर्बर, या क्रमाने बघायला सांगा. उलट्या क्रमाने गेलात तर गॅरेजवाल्याचं भलं होतं.

मग एसीचा कंडेन्सर. मुंबई हायवेला वाडिवऱ्हेच्या पुढे ट्रकच्या मागून खडी उडाली असणार, कंडेन्सर पुढच्या जाळीच्या लगेच मागे असतो आणि जाळीची भोकं एवढी मोठी की लिंबू आत जाईल. गॅस हळूहळू गेला. कंडेन्सर 6,200, गॅस 1,800. कोणी नुसता गॅस भरून देतो म्हणाला तर भरू नका, गळती तशीच राहिली तर महिन्याभरात परत गरम हवा. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) पण साफ करून घेतला, 2,000 लागले, कारण माझं रोजचं जाणं इंदिरानगर ते सातपूर एवढंच, इंजिन नीट तापायच्या आत पोहोचतो आणि काजळी बसत जाते. पिकअप मेलेला आणि धूर काळा, एवढ्यावर ओळखायचं. (तुमची गाडी एप्रिल 2020 नंतरची बीएस सिक्स डिझेल असेल तर त्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि हा त्रास वाढतो. त्याचा दिवा लागला की घोटीपर्यंत एका स्पीडने हायवेवर गाडी चालवून आणा, साधारण वीस मिनिटं सलग, म्हणजे आतली काजळी जळते. दिवा लागलेला असताना कॉलेज रोडला गोल गोल फिरवून काही होत नाही.)

आता मेन विषय. दिवाळीनंतर गाडी पहिल्या गिअरला सुटताना थरथरायला लागली. रिव्हर्समध्ये तर जास्तच, आमच्या पार्किंगचा चढ मागे घेताना पूर्ण गाडी हलायची. त्यात बंद करताना चावी फिरवली की खालून खड् खड् खड् असा आवाज. ही ड्युअल मास फ्लायव्हीलची खूण. फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधली जड चकती, यात ती एक अखंड नसून दोन असतात आणि मधे स्प्रिंगा, डिझेल इंजिनाचे हादरे गिअरबॉक्सला जाऊ नयेत म्हणून. स्प्रिंगा ढिल्या झाल्या की तेच हादरे तुमच्या बुडाला लागतात. गाडी चालू ठेवून क्लच दाबून बघा, दाबल्यावर आवाज वाढला तर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे बघायचं, दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगकडे, आणि बंद करताना खडखडला तर फ्लायव्हील. गाडी विकत घेताना ही टेस्ट फुकटात होते, सगळे लोक टायर बघतात आणि म्युझिक सिस्टिम लावून बघतात.

ॲपवर क्लेम टाकला. कंपनीने सांगितलं अंबडच्या अमुक गॅरेजला न्या, ते आमचे पॅनेलवर आहेत. नेली. तिथे पहिली गोष्ट, एका कागदावर सही : गिअरबॉक्स उतरवून बघू, क्लेम पास झाला नाही तर उतरवायचे-चढवायचे 4,000 तुमचे. म्हणजे बिघाड सिद्ध करायला उघडायचं, आणि ते नाही म्हणाले तर उघडल्याचे पण पैसे द्यायचे. सही केली, दुसरा मार्गच नव्हता.

गिअरबॉक्स उतरला आणि तिथून जी गाडी अडकली ती अडकलीच. मिस्त्रीने फ्लायव्हील पेपरवर ठेवून दाखवलं. कडेने काळं ग्रीस बाहेर येऊन चिकटलेलं, आणि दात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून पुढे-मागे केलं की वरची चकती डुगडुगायची. मला मेकॅनिकलचं काही कळत नाही तरी कळलं. त्याने फोटो पाठवले. कंपनीकडून उत्तर आलं की व्हिडिओ पाठवा. व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं की व्हिडिओत ओडोमीटर दिसत नाही. आता फ्लायव्हील जमिनीवर आणि ओडोमीटर डॅशबोर्डवर, एका व्हिडिओत कसं दिसणार? गॅरेजच्या पोराने खालून शूट करायला सुरुवात केली, तसाच उठला, दार उघडून डॅशबोर्डपर्यंत मोबाइल नेला, मग नंबर प्लेट. एवढं करून पाठवला तर मधे शनिवार-रविवार. सोमवारी मेसेज : तुमचं तिकीट (म्हणजे तक्रार) बंद करण्यात आलं आहे, ग्राहक प्रतिसाद देत नाही. अरे फोन मीच करतोय रोज!

फोन लावला की तेच, "सर आपका केस टेक्निकल टीम के पास है". ही टेक्निकल टीम कुठे बसते ते कोणी सांगत नाही, तिचा नंबर नाही, मेल नाही. मी मराठीत बोललो तर होल्डवर, हिंदीत बोललो तर टेक्निकल टीम. इकडे मी इंदिरानगर ते सातपूर रिक्षाने, आणि गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात, गिअरबॉक्स जुन्या टायरवर काढून ठेवलेला, वरून फ्लेक्सचा तुकडा टाकलेला. गॅरेजवालाही वैतागला, त्याची जागा अडलेली. मला म्हणायचा, "दादा, तुम्हीच जोर लावा, आमचं ऐकत नाहीत ते."

मग एकदाचा रिजेक्शनचा मेल आला. कारण काय, तर क्लच हा वेअर अँड टेअरमध्ये, म्हणजे वापराने होणाऱ्या झिजेत येतो, आणि फ्लायव्हीलचं नुकसान झिजलेल्या क्लचमुळे झालं, म्हणून तेही कव्हर नाही. वर अजून एक काडी, मधल्या ऑइल चेंजचं बिल वैध नाही कारण गॅरेजचं बिल हाताने लिहिलेलं आहे.

इथे मी हटलो नाही. बिलाचं सोपं होतं, ऑइल आणि फिल्टर मी नेहमी दुकानातून स्वतः घेऊन जातो, त्याचं जीएसटीचं पक्कं बिल होतं, तारीख, गाडीचा नंबर सगळं. ही सवय लावून घ्याच. डब्यातून नक्की कुठलं ऑइल पडलं तेही डोळ्यांनी दिसतं आणि मजुरीचं कच्चं बिल असलं तरी अडत नाही.

क्लचचं जरा अवघड होतं. पण मिस्त्री खमक्या निघाला. त्याने क्लच प्लेट पुसून हातात दिली आणि म्हणाला, "बघा दादा, रिबिट अजून खोल आहेत." प्लेटवर जे अस्तर असतं ते रिव्हेटने बसवलेलं असतं, अस्तर झिजत झिजत रिव्हेटच्या लेव्हलला आलं की प्लेट संपली. आमची तशी झालेली नव्हती, अजून 20-25 हजार किलोमीटर चालली असती असा त्याचा अंदाज. फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डागही नव्हते, ते असते तर क्लच घासून घासून तापवला असं म्हणायला त्यांना जागा होती. म्हणजे क्लच ठीक आणि फ्लायव्हील आतून गेलेलं, मग क्लचमुळे फ्लायव्हील गेलं कसं? व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावून रिव्हेटच्या खोलीचे फोटो काढले, ग्रीस गळल्याचे काढले, आणि वॉरंटीच्या पीडीएफमधलं ते पान ज्यात वेअर अँड टेअरची यादी आहे. यादीत क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, ब्रेक पॅड, वायपर, सगळं आहे. फ्लायव्हीलचं नाव नाही. मी त्या यादीवर लाल गोल केला आणि विचारलं, यात दाखवा. मेलवर, फोनवर नाही. फोनवर बोललेलं कुठेच राहत नाही.

दोन दिवस शांत. मग 1915 ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. त्यांनी तक्रार नोंदवून डॉकेट नंबर दिला, तो मी त्याच मेलच्या खाली टाकला आणि लिहिलं की पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, हेही लिहिलं. खरंच गेलो असतो का माहीत नाही, पण लिहिताना एकदम बरं वाटलं. त्यानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडून फोन आला, आणि गंमत म्हणजे तो मनुष्य शुद्ध मराठीत बोलत होता. फ्लायव्हील मंजूर, बाकी काही नाही, मजुरी पण नाही. मी मजुरीसाठी थोडं ताणलं, हलेना. तोपर्यंत माझाही दम संपलेला.

हिशोब असा, टॅक्स धरून : फ्लायव्हील 31,500, क्लच प्लेट-प्रेशर प्लेट सेट 13,800, रिलीज बेअरिंग 5,200, गिअर ऑइल 1,400, मजुरी 8,500. टोटल 60,400, त्यातले 31,500 त्यांचे आणि 28,900 माझे. प्लेट चांगली असताना का बदलली विचाराल तर पुढे गिअरबॉक्स परत उतरवून प्लेट बदलायची मजुरीच 8,500 आहे, त्यामुळे एकदा उघडलं की प्लेट आणि बेअरिंग दोन्ही टाकूनच बंद करायचं. मिस्त्रीही तेच म्हणाला आणि मला पटलं.

एस्टिमेट घेताना टॅक्सची ओळ वाचा. 22 सप्टेंबर 2025 पासून सगळ्या ऑटो पार्ट्सवर जीएसटी 18 टक्के आहे, आधी बहुतेकांवर 28 होता. मला दिलेल्या पहिल्या एस्टिमेटमध्ये जुनेच रेट होते, दाखवल्यावर "सॉफ्टवेअर अपडेट नाही सर". नेटवर लोकांनी टाकलेले खर्चही बरेच जुन्या टॅक्सचे आहेत.

आणि हो, हे वर यायला पाहिजे होतं : गाडी घ्यायच्या आधी इंजिनचे व्हॉल्व्ह चालवायला टायमिंग बेल्ट आहे की चेन ते विचारा. बेल्ट असेल तर किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल तेव्हा बदलावा लागतो, आणि मागच्या मालकाने बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरून भावात तेवढे कमी करा. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग जे बिल येतं त्यापुढे माझं फ्लायव्हील काहीच नाही. वॉरंटी देत असतील तर त्यातली काय कव्हर नाही ती यादी टोकन द्यायच्या आधी मागा, नंतर ॲपमध्ये येते आणि तेव्हा तुमच्या हातात काही नसतं.

गाडी आता मस्त सुटते, रिव्हर्सला चढ घेताना जाणवतही नाही. फक्त गेल्या आठवड्यापासून 60 च्या पुढे पुढच्या डाव्या चाकातून ऊंऽऽ असा आवाज येतोय, उजवीकडे वळवलं की वाढतो आणि डावीकडे वळवलं की कमी, म्हणजे डावं हब बेअरिंग. इथल्याच द्वारका चौकातल्या गॅरेजवाल्याने मजुरीसकट 3,500 सांगितलेत. वॉरंटीचे अजून दोन महिने बाकी आहेत, पण रोख देऊन त्याच दिवशी गाडी घरी आणणार आहे.